रंगूबाईंच्या उसातली बाई

रंगूबाईंच्या उसात मी बाई मारून टाकली ती निव्वळ आळसापोटी.

वैर वगैरे काही नव्हतं. रंगूबाईंना मी तेव्हा ओळखतही नव्हतो, आणि मेलेल्या बाईला तर त्याहून कमी. गेली एकतीस वर्षं मी खुनाच्या कथा लिहितो. आधी त्या मासिकांत यायच्या, मग लायब्ररीत पानं गळेपर्यंत फिरणाऱ्या पुस्तकांत आल्या, आता मोबाइलवर ऐकायच्या मालिकांत येतात. कागद गेला, धंदा तोच राहिला. सुरुवातीला बाई पडलेली पाहिजे. पुरुष पडला तर वाचक ‘बांधाचा वाद असंल’ म्हणतो आणि पान उलटतो. बाई पडली की मांडी घालून बसतो. माझ्या पहिल्या संपादकांनी मला हे शिकवलं आणि मी ते इमानानं पाळलं. किती झाल्या ते मी मोजलं नाही, क्रांतीनं मोजलंय. क्रांती म्हणजे माझी बायको. साताऱ्यात आमच्या घरी क्रांती रोज सकाळी सहाला होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी त्रेचाळीस बायका मारल्या आणि झुरळ एकही नाही.

चव्वेचाळिसावी दीपमाला.

तिचं असं झालं. पलूसच्या अलीकडं एका वाडीत आम्ही लग्नाला गेलो होतो. पंगत उठल्यावर जिलबी जिरवायला म्हणून मी कालव्याच्या कडेनं एकटाच चालत गेलो. पुलाच्या पलीकडं एक पाण्याच्या मोटारीची खोली होती, निळ्या दाराची. तिच्या शेजारी वीज पडून अर्धा जळालेला लिंब. जळाली बाजू कोळशासारखी काळी, उरलेली हिरवीगार. त्याच्यामागं दोन पुरुष उंचीचा ऊस. वारा पडलेला होता, तरी ऊस आतल्या आत कुजबुजत होता. जागा मला फार आवडली. दुसऱ्या एखाद्याला तिथं घर बांधावंसं वाटलं असतं. मला प्रेत ठेवावंसं वाटलं.

शहाणा लेखक अशा वेळी लिंबाचा पिंपळ करतो, निळ्याचं हिरवं करतो, तालुका बदलतो. मी काहीच बदललं नाही. घरी येऊन जसंच्या तसं उतरवलं. कालव्याचा पूल, निळं दार, जळका लिंब, खोलीपासून तिसरी सरी, त्या सरीत दक्षिणेला डोकं करून पडलेली दीपमाला आणि तिच्या हिरव्या बांगड्यांचे पाच तुकडे. चार मातीत, पाचवा गायब, तो पुढं खुन्याच्या खिशात सापडायचा होता. वर शहाणपणा असा, की सुरुवात बातमीसारखी केली. पुण्याच्या एका भारदस्त आवाजाच्या बाईंनी ती वाचली, ‘सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आज सकाळी...’ कुणीतरी पहिली चार मिनिटं कापून घेतली, मालिकेचं नाव वगळलं आणि वाडीच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकून दिली. संध्याकाळपर्यंत ती चार मिनिटं पलूस तालुक्यातल्या प्रत्येक गोठ्यात वाजली.

नवव्या दिवशी मला फोन आला. बाईमाणसाचा आवाज होता, पण परेडच्या मैदानावरून आल्यासारखा.

“बायका मारणारं ते तुमीच का?”

लेखकाला वाचकाचा फोन आला की तो आधी फुलतो, मग ऐकतो. मी विनयानं म्हणालो, हो, बऱ्याच.

“आमच्या उसात मारलीया ती न्या मग येऊन.”

रंगूबाईंची नि माझी ओळख ही अशी झाली. माझा नंबर त्यांना त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, शोधून दिला होता. तो फौजेत आहे, सध्या जैसलमेरला. पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. कारखान्याची तोड त्यांच्या उसाला आली होती. जत भागातून आलेली धनगरांची टोळी कालव्यावर उतरली होती. पण टोळीतल्या बायका त्या रानात पाय टाकायला तयार नव्हत्या. उसाला आता नाव पडलं होतं, ‘बाईचा ऊस’. दोन दिवस टोळी थांबणार, मग पुढच्या गावाला जाणार. ऊस तुऱ्यावर आलेला. ही पाळी गेली तर आतनं पोकळ होऊन उभाच वाळणार.

आणि नुसता ऊस वाळणार नव्हता. नवरा, सयाजीराव, वारल्यापासून वीरधवल आईच्या मागं लागला होता, की रान वाट्यानं लावून दे आणि क्वार्टरवर राहायला ये. रंगूबाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, ज्या साली माझा ऊस माझ्या हातनं कारखान्याला जाणार न्हाई, त्या साली येते. ते साल आणण्याचं काम माझ्या दीपमालेनं केलं होतं.

मी म्हणालो, एवढंच ना? मी येतो आणि सगळ्यांना सांगतो, की ही गोष्ट आहे.

“ते सांगून बगा,” रंगूबाई म्हणाल्या. “पर उद्या दहावा हाय तिचा. कावळा शिवला तर बाया आत जातील म्हंत्यात. तिची विच्छा काय राह्यली हुती, तेवढं सांगाय या.”

मी फोन ठेवला आणि क्रांतीला विचारलं, की दीपमालेची इच्छा काय असेल. तिनं भाजी चिरता चिरता मान वर न करता सांगितलं, की त्रेचाळिसांतल्या एकीचीही तू कधी विचारली नाहीस.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला बस बदलून मी पलूसकडं गेलो. फाट्यावर रंगूबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, काटक, उंच. नऊवारीचा काष्टा आणि त्यावर नवऱ्याचा लष्करी हिरवा स्वेटर, खांद्यावर कापडी तुकडे शिवलेला. भर उन्हातही तो त्यांच्या अंगात होता. सयाजीराव नायब सुभेदार होऊन परत आले होते. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतले दरसालचे दोन-दोन महिने रंगूबाईंच्या वाट्याला आले, आणि तेवढ्यात त्यांनी फौज उचलली. त्यांच्या गोठ्यात म्हशीचं नाव हवालदार आहे. तिची रेडी लान्सनायक. दूध कमी दिलं की हवालदाराची बढती थांबते.

नवरा सीमेवर असताना ही बाई एकटी रान ओढत होती. पाणी पाजणं, लागण, भांगलण, सगळं. भीती नावाची वस्तू घरात ठेवायला जागा नव्हती, असं त्या सांगतात. पण त्यांच्या आयुष्यात एक चार दिवसांची गोष्ट आहे आणि ती त्यांनी मला रानाकडं जाताना, वाटेतली बाभळीची फांदी पायानं बाजूला सारत, दुसऱ्या कुणाची सांगावी तशी सांगितली.

एकाहत्तरची लढाई. रंगूबाई सतरा वर्षांच्या, लग्नाला वर्ष झालेलं. याच रानात भांगलत होत्या. तार आली, सयाजी कामी आला. सासू, चुलतसासू, शेजारणी धावत बांधावर आल्या. तिथंच दगडावर त्यांचे हात धरून बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. पाचव्या दिवशी कळलं, की तो सयाजी दोन गावं पलीकडचा. नाव तेच, पलटण तीच, तार चुकीच्या दारात. यांचा सयाजी धडधाकट होता, आणि मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात तसा एकाहत्तर वर्षांचा होऊन ओसरीवर दाढी करता करता गेला.

“पर चार दिवस इधवा हुते मी,” रंगूबाई म्हणाल्या. “बातमी खोटी हुती. बांगड्या खऱ्या फुटल्या. सासू माझ्या ताटाकडं बगायची ते बी खरं.”

मी विचारलं, मग तुम्ही टोळीला सांगितलं का नाही, की ही निव्वळ अफवा आहे? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी वाटेतली पुढची फांदी स्वतःच बाजूला केली.

लिंबाच्या बुंध्याशी पोचल्यावर मी थांबलो. जळक्या बाजूला एक आंब्याएवढा दगड ठेवला होता, शेंदूर फासलेला. त्याच्यावर हिरवा खण, खणावर नारळ. लिंबाच्या फांदीला आठ-दहा हिरव्या बांगड्या दोऱ्यानं बांधलेल्या, आणि वारा नसताना त्यांचा किणकिण आवाज येत होता. मोटारीच्या खोलीच्या निळ्या दारावर कुणीतरी चुन्यानं लिहिलं होतं, ‘दीपमाला’. ‘दी’ दीर्घ काढलेला. माझ्या प्रकाशकांना एकतीस वर्षांत जे जमलं नाही ते या वाडीनं बिनचूक केलं होतं.

नारळ कुणी ठेवला म्हणून विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. खण कुणी आणला तेही नाही. रंगूबाई म्हणाल्या, रोज सकाळी एक बांगडी जास्त असते.

टोळी कालव्याच्या कडेला बसली होती. मुकादम धुळा, आडवा, मिशाळ माणूस. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं, की ही गोष्ट माझी, मी बसून लिहिलेली, बाई नाही, खून नाही, तुम्ही बिनघोर ऊस तोडा. मोबाइल काढून मालिकेचं नाव दाखवलं, त्याखाली माझं नाव दाखवलं. धुळानं ते वाचलं, मला जरा बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, “सायेब, वरनं दबाव हाय का?”

मी म्हणालो, कसला दबाव?

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. “असू द्या. न्हाई सांगता येत तुमाला.”

खून झाला म्हणून सांगणाऱ्यावर जग विश्वास ठेवतं. झाला नाही म्हणून सांगायला गेलो, तर मी पोलिसांचा माणूस ठरलो. माझ्या कुठल्याच कथेत मी इतक्या लवकर संशयित झालो नव्हतो.

दहाव्याला अजून वेळ होता. रंगूबाई म्हणाल्या, चला, दाखवते. त्या पुढं, मी मागं, असे आम्ही उसात शिरलो. ज्यानं वाढलेला ऊस फक्त रस्त्यावरून पाहिलाय त्याला हे कळायचं नाही. चार पावलांत बाहेरचं ऊन संपतं. पायाखाली पाचट, वर पात्यांचं छप्पर, दोन्ही बाजूंनी पाती गालांवर बारीक करवत ओढतात. आवाज कुठून येतो ते कळत नाही. मागं वळून पाहिलं तर आपण आलो ती वाट मिटलेली असते. मी लिहिताना हे सगळं खुर्चीत बसून, पंख्याखाली लिहिलं होतं आणि त्यात ‘निबिड’ हा शब्द तीनदा वापरला होता. आत शिरल्यावर एकदाही आठवला नाही.

तिसऱ्या सरीत रंगूबाई थांबल्या.

ऊस आडवा झाला होता. एका माणसाच्या लांबीएवढा, खांद्याशी रुंद, पायाशी निमुळता. पाचट दाबून बसलेलं. खांद्यांच्या वरच्या अंगाला जिथं डोकं असायला हवं तिथं एक खळगी होती, आणि ती दक्षिणेला होती.

“डुक्कर लोळलं असंल,” मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या सरीतून ऐकू आला.

“म्हणा डुक्कर,” रंगूबाई म्हणाल्या. “मी बी डुक्करच म्हंते.”

आणि त्या वाकल्या. खळगीत पडलेलं एक वाळकं पान त्यांनी उचलून बाजूला टाकलं, एखाद्याच्या केसांतलं काढावं तसं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. खेड्यात माणसं रात्रीला भितात ही शहरातल्या लेखकांची समजूत. खरी वेळ टळटळीत दुपारची. सावली पायाखाली जाते, पाखरं गप्प होतात, कालव्याचं पाणीसुद्धा थांबल्यासारखं दिसतं. लिंबाखाली पत्रावळ मांडली होती. भात, दही, पुरणाची पोळी, भजी, शेजारी पाण्याचा तांब्या. बायका अर्धगोल करून बसल्या होत्या, गडी त्यांच्यामागं, कोयते खाली ठेवून. मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर तीन कावळे होते. ओरडत नव्हते. बघत होते.

टोळीतल्या बायकांची म्होरकी सुलाबाई, साठीची, कपाळावर कुंकू आणि त्याच्यावर पिवळाजर्द भंडारा. तिनं मला पत्रावळीपाशी उभं केलं. नात्यातलं माणूस पुढं होऊन मेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतं आणि ‘पुरी करू’ म्हणतं, तेव्हा कावळा शिवतो. इथं नात्यातला मीच होतो. माझ्याशिवाय त्या बाईला जगात कुणी नव्हतं.

“सांगा,” सुलाबाई म्हणाली. “काय राह्यलं हुतं तिचं?”

मी हात जोडले, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणालो, की दीपमाला, तुझा खुनी सापडला. बाराव्या भागात इन्स्पेक्टरनं त्याला पुणे स्टेशनवर धरला. तू निश्चिंत हो.

मधल्या कावळ्यानं पाठ फिरवली आणि शेपूट साफ करायला घेतलं. माझ्या शेवटच्या भागावर इतकी परखड समीक्षा अजून कुणी केली नव्हती.

मी शिक्षा वाढवली. कथेत जन्मठेप होती, तिथं फाशी देऊन टाकली. कावळे ढिम्म. मग मला वाटलं, बाईमाणूस आहे, मनात काही कोवळं असेल. मी म्हणालो, की तुला शिकायचं होतं दीपमाला, मास्तरीण व्हायचं होतं, तुझ्या नावानं आम्ही मुलींना पुस्तकं...

“ह्ये आत्ता जुळवलं न्हवं?” सुलाबाई मध्येच म्हणाली.

मी जोडलेले हात खाली घेतले.

मग बायकांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली. रागानं नव्हे. दहाव्याला जमलेल्या बायका विचारतात तसंच, हळू. माहेर कुठलं तिचं? आई जिती हाय का? पोरंबाळं किती? धाकलं केवढं, अंगावर पीत हुतं का? नवरा मारायचा का बरा हुता? तिला बोलायला कोण हुतं? आणि उसात कशाला आलीवती एकटी, वैरणीला, का कुणी बोलवलं म्हणून?

मला काय ठाऊक होतं? जखम किती खोल ते ठाऊक होतं. साडी मोरपंखी, किनार लाल. वेळ अकरा ते साडेबारा. डावी चप्पल गायब. नखांत कुणाची कातडी तेही ठाऊक होतं. माझ्या वहीत तिच्यासाठी दोन पानं होती आणि दोन्ही पानांवर ती मेलेली होती. मी प्रत्येक प्रश्नाला ‘ते लिहिलं नाही’ एवढंच म्हणत राहिलो. पाचव्या-सहाव्यांदा म्हणालो तेव्हा माझ्याच कानांना ते ठाण्यातल्या आरोपीसारखं लागलं, ‘मला आठवत नाही’ म्हणणाऱ्या.

“म्हंजी,” सुलाबाई म्हणाली, “तुमी तिला फकस्त मारायला आणली व्हय?”

फांदीवरच्या बांगड्या थांबल्या. आणि त्या शांततेत ऊस हलला. सगळा नव्हे. एकच ओळ. आत, लांब कुठंतरी सळसळ सुरू झाली आणि सरळ आमच्याकडं येऊ लागली, कुणीतरी सावकाश, दोन्ही हातांनी पाती बाजूला करत यावं तशी. तिसऱ्या सरीतून. धुळानं कोयत्याकडं हात नेला आणि मध्येच थांबवला. सळसळ उसाच्या कडेपर्यंत आली, जिथून एक पाऊल टाकलं की ऊन लागतं. तिथं थांबली.

मी रहस्यकथालेखक आहे. अशा क्षणी काय करायचं हे मी चव्वेचाळीस वेळा लिहिलंय. माझ्या हातून एवढंच झालं, की मी रंगूबाईंच्या मागं जाऊन उभा राहिलो.

रंगूबाईंनी उसाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या पत्रावळीपाशी उकिडव्या बसल्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. हातात काचेची बांगडी नव्हतीच, सयाजीराव खरे गेले तेव्हापासून. बांधावरून शेजारणीला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

“दीपमाला, ह्या बाबानं तुला म्हायेर ठेवलं न्हाई. माझ्या घरी येत जा. पंचमीला ये, झोका बांधते. दिवाळीला ये. मूळ धाडाय कोण न्हाई माझ्याकडं, मीच येईन हितवर न्यायला.” मग जरा थांबून, “आता ह्या बायांस्नी कामाला जाऊ दे. त्यांची बी पोटं हायती.”

सासरी गेलेल्या लेकीला आणायला माणूस पाठवायचा, त्याला मूळ धाडणं म्हणतात. कुणी न्यायला येणार, हे ऐकायला सासुरवाशीण वर्षभर वाटेकडं कान लावून असते. त्या अर्धगोलातल्या बायकांपैकी कितीजणींना गेल्या पंचमीला मूळ आलं होतं कोण जाणे. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. सुलाबाई मात्र पत्र्याकडं बघत होती.

पाठमोरा कावळा वळला. उडाला नाही. पत्र्यावरून खाली उतरला आणि उन्हातून चालत चालत आला, एका पायानं जरा लंगडत, सगळ्यांच्या मधून. भाताला त्यानं चोच लावली नाही, पोळीलाही नाही. दह्याला लावली. एकदा, आणि मान वर करून रंगूबाईंकडं पाहिलं, आणि मग जेवायला लागला.

दुपारचा दीड वाजला होता, कावळ्याला भूक लागली असणार, हे मला तेव्हाच सुचलं. सुचलेलं प्रत्येक वाक्य बोलून दाखवायचं नसतं हेही त्याच दिवशी सुचलं.

सुलाबाईनं कमरेच्या पिशवीतला भंडारा कोयत्याला लावला, पदर खोचला आणि पहिली आत गेली. तिच्यामागं बाकीच्या. पाच मिनिटांत खटाखट आवाज सुरू झाला, मोळ्या पडायला लागल्या, धुळा शिव्या द्यायला लागला, आणि रान पुन्हा रानासारखं झालं. मला एकच गोष्ट खटकत राहिली. ती सळसळ उसाच्या कडेपर्यंत आलेली मी ऐकली होती. परत आत गेलेली ऐकली नाही.

चारच्या सुमाराला सुलाबाई बाहेर आली आणि माझ्यासमोर तळवा उघडला. हिरव्या काचेचे चार तुकडे, मातीनं माखलेले. तिसऱ्या सरीत सापडले. “तुमच्या गोष्टीत पाच हुते,” ती म्हणाली. “पाचवा कुठंय?”

मी नकळत खिसा चाचपला. बसचं तिकीट होतं. पण चाचपताना जे वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

रंगूबाईंनी ते तुकडे घेतले, पदराला पुसले, उन्हात धरले. म्हणाल्या, ह्या रानात किती बायांच्या बांगड्या फुटल्यात, भांगलताना, मोळ्या बांधताना, माझ्या बी एकदा फोडल्यात. ह्या कुणाच्या ते कोण सांगणार? आणि कनवटीला लावून टाकले. सुलाबाईनं तिसऱ्या सरीतले पाच ऊस तोडले नव्हते, शेंड्याला शेंडा बांधून उभे ठेवले होते. रंगूबाई म्हणाल्या, राहू देत.

संध्याकाळची बस यायला वेळ होता म्हणून त्यांनी मला घरी नेलं. रानातल्या घरातच राहतात त्या. हवालदार रवंथ करत होता, लान्सनायक दावं ओढत होती. रंगूबाईंनी वीरधवलला फोन लावून दोन वाक्यांत खबर दिली, की टोळी रानात शिरली, उद्या सांजपातूर ऊस जाईल कारखान्याला, मी काय येत न्हाई. पलीकडून तो बराच बोलत होता. त्यांनी मध्येच फोन ठेवला आणि चुलीवर चहाचं पातेलं चढवलं.

मग आढ्याकडं बघत बसल्या. मी पाहिलं, तिथं झोक्याचा दोर अडकवायची कडी होती, गंजलेली. म्हणाल्या, की ही बदलून घ्यावी लागंल पंचमीच्या आत. वीरधवल ल्हान असताना लावली हुती. पोरगी कधी झुललीच न्हाई तिच्यावर.

कावळा झाला, ऊस झाला, टोळी कामाला लागली. आता हे इथंच थांबायला हवं होतं. म्हाताऱ्या एकट्या बाईनं श्रावणात कडीला दोर बांधून माझ्या दोन पानांची वाट बघत बसावं, हे पाप मला पेलणार नव्हतं. तेवढ्यात त्यांनी विचारलंच, की ती तिखट खाती का बेताचंच? म्हंजी मला तयारी कराय बरं.

मी कप खाली ठेवला. म्हणालो, मावशी, तुमचं काम झालंय, आता खरं ऐका. ती खात नाही, पीत नाही, येणार नाही. मी ती खुर्चीत बसून रचली. अशी बाई कधी नव्हतीच.

रंगूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

“तुमी मारली न्हवं? मग हुतीच की.”